पोलादाचा थकवा

कणखरपणाची उपमा द्यावयाची म्हटली म्हणजे आपल्यास लोखंडाचीच आठवण होते. निश्चयी पुरुषास आपण लोहपुरुष म्हणतों, आणि अवघड कामास लोखंडाचे चणे खाण्याची उपमा देतों. पोलाद हें तर त्याच लोखंडाचें संस्कार होऊन आलेलें अधिक बलवान् रूप. असें पोलाद एखाद्या दिवशीं, त्यावर नेहमींपेक्षां अधिक भार आलेला नसतांना, अकस्मात् तुटून दोन तुकडे व्हावें, ही गोष्ट प्रथमदर्शनीं कोणासही खरी वाटणार नाहीं. परंतु गेल्या दोनशें वर्षांच्या यंत्रविद्येच्या इतिहासांत असे प्रसंग वारंवार घडलेले आहेत, आणि त्यांपायीं शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं आहेत. या प्रकारास शास्त्रज्ञांनीं एक मोठें अर्थपूर्ण नांव दिलें आहे. तें म्हणजे धातूचा थकवा.

विहिरीच्या कांठच्या दगडास दोराच्या रोजच्या घर्षणानें खांच पडते, हें आपल्या वाडवडिलांनीं पाहिलेलें आहे. त्या मऊ दोरांत दगड कापण्याचें सामर्थ्य नसतें. जें सामर्थ्य असतें तें पुन:पुन: होणाऱ्या क्रियेंत असतें. पोलादाची गोष्टही कांहींशी अशीच आहे. भेद इतकाच कीं, दगडावरची खांच पाणी काढणाऱ्या प्रत्येकास दिसते, आणि पोलादांतील चीर कित्येक वर्षें कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं. शिवाय पुलावर, आगगाडीच्या आंसावर किंवा समुद्रांतील मंचावर जो भार पडतो तो दोराप्रमाणें एकाच दिशेनें येत नाहीं. कांहीं ओढ, कांहीं वांक, कांहीं पीळ असे अनेक प्रकारचे ताण एकाच ठिकाणीं एकवटतात. प्रत्येक ताण निरनिराळा पाहिला तर निरुपद्रवी. पण ते सर्व मिळून पोलादाचा घात करतात. हें कसें होतें तें समजून घेण्याचा यत्न या लेखांत करावयाचा आहे.

तार आणि खडू

प्रथम घरच्या घरीं करतां येण्याजोगे दोन प्रयोग पाहूं. लोखंडाच्या तारेचा एक तुकडा घ्यावा. तो दोन्ही टोकांस धरून ओढून तोडूं म्हटलें, तर दोन धडधाकट माणसांसही तें साधणार नाहीं. पण तीच तार एका ठिकाणीं इकडून तिकडे वांकवीत राहिलें, तर घरांतील लहान मूलही ती पांचपंचवीस वेळां वांकवून तोडून टाकतें. एकदां दिलेल्या मोठ्या बळापेक्षां उलटसुलट दिलेलें थोडें बळ अधिक घातक ठरतें, हा या प्रयोगाचा बोध. मात्र येथें तार वांकलेली डोळ्यांस दिसते. पुलाच्या तुळईंत किंवा आगगाडीच्या आंसांत होणारा वांक इतका सूक्ष्म असतो कीं, तो दिसत नाहीं, आणि भार निघून जातांच पोलाद जसेंच्या तसें पूर्ववत् होतें. म्हणूनच त्याची आवृत्ति पंचवीस वेळां नव्हे, तर लाखों वेळां व्हावी लागते.

दुसरा प्रयोग फळ्यावर लिहिण्याच्या खडूचा. खडू हातांत धरून वांकविला तर तो सरळ आडवा तुटतो. पण दोन टोकें दोन हातांनीं धरून, जराही न वांकवितां, ओले कपडे पिळावे तसा तो पिळला, तर त्याची फूट मळसूत्राप्रमाणें तिरकस फिरत जाते. याचें कारण असें कीं, भेग नेहमीं ओढीच्या दिशेस काटकोन करून उघडूं पाहते. वांकविण्यांत ही ओढ खडूच्या लांबीच्या दिशेनें असते. पिळण्यांत ती त्या दिशेशीं अर्ध्या काटकोनांत, म्हणजे ४५ अंशांवर, असते. आतां वांक आणि पीळ दोन्ही एकदम दिले तर ओढीची दिशा या दोहोंच्या मध्यें कोठें तरी पडणार, आणि दोहोंचें प्रमाण बदलत राहिलें तर ती दिशाही बदलत राहणार, हें उघड आहे. मिश्र भाराखालीं पोलादांत पडणारी चीर वांकडीतिकडी कां जाते, याचें बीज या खडूच्या तुकड्यांत आहे.

आगगाडीच्या आंसांनीं शिकविलेला धडा

या विषयाचा पहिला अभ्यास खाणींत झाला. जर्मनीतील हार्झ पर्वतांत क्लाउस्थाल येथें खाणींतून माल वर ओढण्याच्या लोखंडी सांखळ्या वारंवार तुटत. विल्हेल्म आल्बर्ट नांवाच्या अधिकाऱ्यानें १८२९ च्या सुमारास त्या सांखळ्यांस पुन:पुन: भार देऊन पाहण्याचे प्रयोग केले. पुढें आगगाड्या आल्या आणि या प्रश्नास निराळेंच गांभीर्य आलें. ८ मे १८४२ रोजीं फ्रान्समध्यें व्हर्सायचा राजोत्सव पाहून लोक गाडीनें पॅरिसला परतत होते. म्यूदों या गांवाजवळ पुढच्या इंजिनाचा आंस तुटला, डबे एकमेकांवर चढले व पेटले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणें डब्यांचीं दारें बाहेरून कुलूपबंद होतीं. ५० हून अधिक माणसें त्या आगींत मेलीं. दक्षिण ध्रुवाकडील समुद्रांतून सुखरूप परत आलेला प्रसिद्ध दर्यावर्दी द्यूमों द्युर्व्हिल हा पत्नी व पुत्र यांच्यासह त्यांतच गेला.

तुटलेल्या आंसाचा छेद पाहतां त्यावर मिठाच्या खड्यासारखे चमकणारे कण दिसत. त्यावरून पुष्कळांचा असा समज झाला कीं, हादऱ्यांमुळें लोखंडाची तंतुमय रचना पालटून तें स्फटिकमय होतें. हा समज चुकीचा होता. धातु मूळचाच स्फटिकमय असतो. विल्यम रँकिन या तरुण स्कॉटिश एंजिनिअरानें १८४३ सालीं वाचलेल्या निबंधांत असें दाखविलें कीं, आंसाची जाडी जेथें एकदम बदलते त्या तीक्ष्ण कोपऱ्यांत बारीक चीर प्रथम उत्पन्न होते व हळूहळू आंत शिरते. कोपरा गोलाईनें घडवावा, हा त्याचा उपाय आजही प्रत्येक कारखान्यांत पाळला जातो.

खरें पद्धतशीर संशोधन मात्र आउगुस्ट व्योलर या प्रशियन रेल्वेच्या एंजिनिअरानें केलें. फिरत्या आंसाचा विचार करावा. गाडीच्या वजनानें आंस किंचित् वांकतो. त्याच्या एका अंगास ओढ व दुसऱ्या अंगास दाब बसतो. अर्धा फेरा झाला कीं, ओढ सोसणारा भाग दाबाखालीं येतो व दाबाखालचा ओढीखालीं. चाकाचा व्यास एक मीटर धरला तर मुंबईहून पुण्यास जाईपर्यंत आंसाचे ६०,००० हून अधिक फेरे होतात. आणि प्रत्येक फेऱ्यास पोलादाच्या प्रत्येक बाह्य कणाची एकदां ओढाताण होते. व्योलरनें यंत्रावर आंसाचे नमुने महिनोन्महिने फिरवून पाहिले आणि १८७० सालीं आपले निष्कर्ष मांडले. ताण जितका कमी तितके अधिक फेरे पोलाद सोसतें. आणि ताण एका विशिष्ट मर्यादेच्या खालीं ठेवला तर, त्याच्या प्रयोगांत तरी, तें कितीही फिरविलें असतां तुटलें नाहीं. या मर्यादेस सहनमर्यादा म्हणतात. एका वेळच्या भारानें पोलाद तुटण्यास जें बळ लागतें, त्याच्या सुमारें निम्म्यावरच गुळगुळीत नमुन्याची ही मर्यादा येते. खाऱ्या हवेंत किंवा समुद्राच्या पाण्यांत तर हा आधारही नाहींसा होतो. तेथें पोलादास अशी निश्चित मर्यादाच उरत नाहीं.

दोन सुरक्षित ताण मिळून असुरक्षित

व्योलरचे प्रयोग मुख्यत: एकेका भाराचे होते. परंतु यंत्राचा दांडा एकाच वेळीं वांकतो आणि पिळलाही जातो. अशा वेळीं काय समजावें? वांक त्याच्या मर्यादेंत आहे, पीळ त्याच्या मर्यादेंत आहे, म्हणून दांडा निर्भय आहे असें म्हणावें काय?

या प्रश्नाचें उत्तर इंग्लंडमधील टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत हर्बर्ट गॉफ याच्या प्रयोगांनीं दिलें. गॉफ व पोलार्ड यांनीं १९३५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत एकाच नमुन्यास वांक व पीळ निरनिराळ्या प्रमाणांत देऊन पाहिले होते. त्यांतून लवचीक पोलादासाठीं जो नियम निघाला तो शाळेंतल्या गणितानें समजण्यासारखा आहे. नुसत्या वांकाची मर्यादा १०० मानावी, नुसत्या पिळाचीही १०० मानावी. मग प्रत्यक्ष वांकाच्या अंकाचा वर्ग व पिळाच्या अंकाचा वर्ग यांची बेरीज १०० च्या वर्गाहून, म्हणजे १०,००० हून, अधिक होतां कामा नये.

उदाहरणार्थ, वांक ८० व पीळ ८० असेल तर प्रत्येकाचा वर्ग ६,४०० व बेरीज १२,८०० होते. प्रत्येक ताण आपापल्या मर्यादेच्या पुष्कळ आंत असतांही दोहोंच्या संगतीनें तो दांडा तुटणार. वांक ८० व पीळ ६० असेल तर बेरीज नेमकी १०,००० भरते; दांडा अगदीं मर्यादेच्या उंबरठ्यावर उभा असतो. दोन्ही ७० असल्यास बेरीज ९,८०० होऊन तो कसाबसा आंत राहतो. सुरक्षित अधिक सुरक्षित बरोबर सुरक्षित, हें समीकरण पोलाद मानीत नाहीं.

यापुढची अडचण अशी कीं, वांक आणि पीळ नेहमीं एकाच क्षणीं शिखरास पोंचतात असें नाहीं. वारा एका लयीनें वाहतो, लाटा दुसऱ्या लयीनें येतात, यंत्राचे हादरे तिसऱ्या लयीनें. एक ताण चढत असतां दुसरा उतरत असतो, आणि त्यामुळें सर्वांत मोठ्या ताणाची दिशा घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरत राहते. अशा स्थितींत पोलादाच्या कणांतील एकाच पातळीवर नव्हे, तर अनेक पातळ्यांवर घसरण होते. पोलादाचा प्रत्यक्ष आकारबदल दोन्ही प्रसंगीं सारखाच ठेवून पाहिलें, तर एकाच लयींतल्या भारांपेक्षां या विषम लयीच्या भारांनीं लवचीक पोलादाचें आयुष्य पुष्कळ वेळां अधिक लवकर संपतें. ब्राउन व मिलर यांनीं १९७३ सालीं असा विचार मांडला कीं, नमुन्याच्या सर्व ताणांची मोघम बेरीज न करतां, ज्या पातळीवर घसरण सर्वांत अधिक होते ती पातळी शोधावी, आणि तिच्यावर किती घसरण होते व तिला उघडूं पाहणारी किती ओढ बसते, या दोहोंचा एकत्र हिशेब करावा. घसरणीमुळें चिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घासतात. ओढ असली तर त्या एकमेकींपासून सुटतात, घासणी कमी होते व चीर सुखानें पुढें सरकते. मिश्र भाराच्या आजच्या अभ्यासाचा मोठा भाग या विचारावर उभा आहे.

चिरेचें चरित्र

चीर जन्मास कशी येते, हें प्रथम सूक्ष्मदर्शकानें दाखविलें. १९०३ सालीं यूइंग व हम्फ्री यांनीं स्वीडिश लोखंडाचा घांसून आरशासारखा केलेला नमुना पुन:पुन: वांकवून मधून मधून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. आरंभीं कांहीं कणांवर बारीक रेघा उमटल्या. पुढें त्या दाट व रुंद झाल्या. शेवटीं त्यांतूनच चीर निघाली. पत्त्यांच्या गड्ड्यांतील पानें जशीं एकमेकांवर सरकतात, तसे धातूच्या स्फटिकांतील थर सरकतात; आणि मागेंपुढें सरकतांना ते पूर्णपणें मूळ जागीं येत नाहींत. ही चीर प्रथम घसरणीच्या दिशेनें, बहुधा तिरकी, निघते. थोडी वाढल्यावर ती वळते व मुख्य ओढीस काटकोन करून चालूं लागते. भार मिश्र असला म्हणजे तिची वाट पुन: पुन: मोडते.

तिच्या वाढीचा वेग ठरविण्याची रीत पॅरिस आणि एर्डोगन यांनीं १९६३ सालीं दिली. बांधकामाच्या पोलादास ती लागू केली तर साधारण हिशेब असा बसतो: बदलत्या ताणाचा पल्ला दुप्पट झाला तर चीर प्रत्येक आवृत्तीस सुमारें आठपट वेगानें वाढते. शिवाय चीर जसजशी लांब होते तसतसा तिच्या टोंकाशीं ताण अधिक एकवटतो, म्हणजे वाढीनें वाढ होते. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाचा अनुभव ज्या घराण्यांनीं घेतला असेल त्यांस याची भीषणता निराळी सांगावयास नको. आयुष्याचा बहुतेक काळ चीर इतकी लहान असते कीं ती सांपडत नाहीं. आणि ती सहज दिसूं लागते तेव्हां उरलेला काळ थोडा असतो.

तुटून गेल्यावर मात्र पोलाद आपली सर्व कहाणी सांगतें. ओहोटीच्या वेळीं वाळूवर पाण्याच्या रेघा राहतात तशा कमानदार रेघा तुटलेल्या छेदावर दिसतात. त्या रेघा उलट्या मागें नेल्या म्हणजे जेथें त्यांचें केंद्र येतें तेथें चिरेचा जन्म झाला, असें तज्ज्ञ निश्चयानें सांगतात. अशाच एका छेदानें उघड केलेली हकीकत आतां पाहूं.

उत्तर समुद्रांतील एक संध्याकाळ

नॉर्वे देशाच्या पश्चिमेस उत्तर समुद्रांत एकोफिस्क नांवाचें तेलक्षेत्र आहे. तेथें ‘अलेक्झांडर कीलंड’ हा एक प्रचंड तरंगता मंच होता. नॉर्वेच्या एका प्रसिद्ध साहित्यिकाचें नांव त्यास दिलेलें होतें. फ्रान्समधील डंकर्क येथें बांधलेला हा मंच १९७६ सालीं कामावर आला. तो पांच जाड खांबांवर तरंगत असे, आणि ते खांब एकमेकांस व वरच्या मजल्यांस पोलादाच्या रुंद नळ्यांनीं जोडलेले होते. मूळ तेलविहिरी खोदण्यासाठीं बांधलेल्या या मंचाचा उपयोग शेजारच्या मंचावर काम करणाऱ्या लोकांच्या राहण्याकडे केला जात होता.

२७ मार्च १९८० च्या संध्याकाळीं मंचावर २१२ माणसें होतीं. वादळी वारा सुटला होता, धुकें व पाऊस होता. पण उत्तर समुद्रास तें हवामान अपूर्व नव्हतें. दिवसाचें काम संपवून पुष्कळ जण भोजनगृहांत व चित्रपटगृहांत बसले होते. साडेसहाच्या सुमारास मोठा आवाज झाला. एका खांबास धरून ठेवणारी एक नळी तुटली होती. तिचा भार त्या खांबाच्या उरलेल्या पांच नळ्यांवर पडला व त्याही एकामागून एक तुटल्या. खांब निखळून गेला, आणि मंच ३० अंशांहून अधिक कलला. नांगराच्या दोरांतील अखेरच्या एका दोरानें त्यास कांहीं मिनिटें धरून ठेवलें. तो दोर तुटतांच, पहिल्या आवाजापासून सुमारें पाव तासांत, मंच समुद्रांत उलटा झाला. १२३ माणसें मेलीं, ८९ वांचलीं.

नॉर्वे सरकारच्या चौकशी समितीनें तुटलेल्या नळीचा छेद तपासला. ती नळी २·६ मीटर व्यासाची, म्हणजे उंच माणूस हात वर करून आंत उभा राहील एवढी होती. तिला समुद्राच्या पाण्यांतील आवाज टिपणारें एक यंत्र बसविण्यासाठीं भोंक पाडून एक लहानशी बैठक वेल्ड केलेली होती. ही बैठक कोणताही भार उचलण्यासाठीं नव्हती. ती केवळ उपकरणाची सोय. म्हणून तिच्या सांध्याकडे मुख्य बांधकामाच्या सांध्याइतक्या काळजीनें कोणी पाहिलें नाहीं. तो सांधा अवघा ६ मिलिमीटरचा होता, त्याचा घाट वाईट होता, आणि त्यांत चिरा होत्या. चौकशींत सर्वांत मन विषण्ण करणारी गोष्ट आढळली ती ही कीं, चिरेच्या आंतल्या पृष्ठभागावर रंग होता. म्हणजे मंच समुद्रांत उतरण्यापूर्वींच, कारखान्यांत रंग दिला तेव्हांच, ती चीर तेथें होती. रंगाचा हात तिच्यावरून फिरला, आणि ती झांकली गेली.

पुढचें काम लाटांनीं केलें. लाट पांचसहा सेकंदांनीं येते असें धरलें तर वर्षास सुमारें पन्नास लाख लाटा होतात. प्रत्येक लाटेगणिक खांब एकमेकांपासून दूर व जवळ होऊं पाहतात, त्यामुळें नळीस ओढ व दाब बसतो. तीच लाट नळीस वरखालीं व बाजूस वांकवूं पाहते. वेल्डिंगनंतर थंड होतांना सांध्यांत कोंडून राहिलेला ताण त्यांत मिसळतो. आणि खारें पाणी चिरेच्या टोंकास पोंचून तिला मदत करतें. यांपैकीं कोणत्याही एका लाटेनें ती नळी तुटली नसती. बैठकीच्या सांध्यांतली चीर नळीच्या अंगांत उतरली, दोन्ही बाजूंनीं घेराभोंवतीं सरकत गेली, आणि चार वर्षेंही पुरीं झालीं नाहींत तोंच उरलेलें पोलाद त्या संध्याकाळच्या भारास अपुरें पडलें.

परीक्षा आणि उपाय

अशा घटनांवरून पुढच्या पिढीनें काय शिकावें? पहिली गोष्ट ही कीं, चिरा प्रयोगशाळेंत मुद्दाम वाढवून पाहावयास हव्यात. आज पोलादाच्या पोकळ नळीसारखा नमुना तेलाच्या दाबानें चालणाऱ्या यंत्रांत धरून त्यास एकाच वेळीं ओढतात व पिळतात. दोन्ही क्रिया एका लयींत करावयाच्या कीं निरनिराळ्या लयींत, हें यंत्रास सांगतां येतें. लाखों आवृत्तींनंतर चीर कोठें जन्मली, कोणत्या कोनांत वळली, किती वेगानें गेली, याची नोंद होते, व त्यावरून पुलांचे व मंचांचे आंकडे बसविले जातात.

दुसरी गोष्ट सामान्य समजुतीच्या विरुद्ध आहे. अधिक बळकट जातीचें पोलाद वापरलें म्हणजे थकव्याची भीति गेली, असें पुष्कळांस वाटतें. गुळगुळीत नमुन्यास तें कांहीं अंशीं लागू आहे. पण वेल्ड केलेल्या सांध्यांत तसें होत नाहीं. तेथें बारीक खांचा आधींच असतात, आणि चिरेच्या वाढीचा वेग साध्या व भारी पोलादांत जवळजवळ सारखाच भरतो. म्हणून अधिक पैसा पोलादाच्या जातींत घालण्यापेक्षां सांध्याचा घाट सुधारण्यांत, त्याची कड घांसून गुळगुळीत करण्यांत व त्याची नीट तपासणी करण्यांत घालणें शहाणपणाचें ठरतें. चीर सांपडलीच तर तिच्या टोंकाशीं गोल भोंक पाडण्याची युक्ति आहे. तीक्ष्ण टोंक बोथट झालें म्हणजे चीर तात्पुरती थांबते व दुरुस्तीस अवधि मिळतो.

तिसरी गोष्ट तपासणीची. पूर्वीं स्टेशनांत गाडी थांबली म्हणजे एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोके मारीत जात असे. चाक खणखणीत वाजलें तर ठीक. बद्द आवाज आला तर गाडी थांबावयाची. आतां त्याच कामास मनुष्याच्या कानांस ऐकूं न येणारा सूक्ष्म ध्वनि लावतात. तो पोलादांत सोडला म्हणजे आंतल्या चिरेवरून परावर्तन पावून परत येतो व चिरेचा ठाव सांगतो. आपल्या रेल्वेंतही रूळ व आंस यांची अशी परीक्षा होते. १९७४ सालीं मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांत तेल सांपडलें, आणि त्या बॉम्बे हाय क्षेत्रांत पोलादी मंच उभे राहिले. पावसाळ्यांतील लाटा त्यांच्या पायांवर दरसाल आपटतात. तेव्हां पाण्याखालच्या सांध्यांवर नजर ठेवणें हें तेथेंही मंच उभारण्याइतकेंच महत्त्वाचें काम आहे.

चौथी गोष्ट रचनेची. कीलंड मंचाची एक नळी तुटली आणि सर्वच्या सर्व डोलारा कोसळला; तुटलेल्याचा भार सांभाळून घेण्याइतकी शक्ति उरलेल्यांत नव्हती. त्या दुर्घटनेनंतर नॉर्वेच्या नियमांत असा आग्रह आला कीं, एखादा अवयव गमावला तरी मंच ताबडतोब कोसळतां कामा नये. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास या तत्त्वाची ओळख आहे. एक मिळवता भाऊ आजारी पडला तर बाकीच्यांनीं त्याचा भार वांटून घ्यावा आणि तो बरा होईपर्यंत घर उभें ठेवावें, हीच त्या रचनेची थोरवी. पण गॉफचें गणितही त्याच घरास लागू पडतें. एखाद्या सुनेवर स्वयंपाकाचा, आजाऱ्याच्या शुश्रूषेचा व मुलांच्या अभ्यासाचा असे तीन भार पडले, आणि प्रत्येक भार देणाऱ्यास आपला भार हलका वाटला, तरी सोसणाऱ्याच्या ठिकाणीं त्या तिहींची बेरीज होत असते. ती बेरीज कोणीतरी मांडून पाहिली पाहिजे.

थकलेलें पोलाद विश्रांतीनें बरें होत नाहीं, हा त्याच्यांतला आणि मनुष्यांतला मोठा भेद. रात्रभर गाडी उभी राहिली म्हणून आंसांतील चीर बुजत नाहीं; दुसऱ्या दिवशींचा पहिला फेरा ती काल थांबली होती तेथूनच पुढें नेतो. म्हणून पोलादाच्या बाबतींत दयेचें काम एकच, आणि तें म्हणजे वेळेवर पाहणें. आपल्या घरांतील गृहिणी बाजारांत मडकें घेतांना त्याच्या रंगावर भुलत नाहीं. ती तें हातांत घेऊन वाजवून पाहते, आणि आवाज बद्द आला तर खालीं ठेवते. डंकर्कच्या त्या कारखान्यांत रंगाचा हात फिरण्यापूर्वीं एवढेंच कोणीतरी करावयास हवें होतें.